समाजकार्याची पदवी : जमा किती, नावे किती

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले, की आपल्या घरांतून जी चर्चा सुरू होते तिच्या वाटा ठरलेल्या असतात. मुलगा हुशार असेल तर सी.ए., बेताचा असेल तर बी.कॉम. करून पेढीवर, मुलगी असेल तर फार्मसी, नाहीतर अंतर्गत सजावट. या ठरलेल्या वाटांत अलीकडे एक अनोळखी नाव ऐकू येऊ लागले आहे. 'मला एम.एस.डब्ल्यू. करायचे आहे,' असे मुलगी, आणि क्वचित मुलगाही, म्हणतो आणि घर क्षणभर गप्प होते. आजोबा म्हणतात, "सेवा करायची तर कर की, त्याला पदवी कशाला?" वडील म्हणतात, "त्यातून मिळणार किती?" आई काही बोलत नाही; ती मनातल्या मनात बायोडाटा लिहीत असते.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, आणि व्यापारी घरात तो विचारला गेला नाही तरच नवल. परंतु त्याचे उत्तर देताना आपण नेहमीची शिस्त सोडून देतो. नवी एजन्सी घेताना अनामत किती, माल किती दिवस पडून राहणार, उधारी कितीची, हे आपण कागदावर मांडतो. या पदवीबाबत मात्र एक तर 'पुण्याचे काम आहे, पैशाकडे काय पाहायचे' म्हणून होकार दिला जातो, किंवा 'भिकेचे डोहाळे' म्हणून नकार. दोन्ही उत्तरे हिशेबाविना दिलेली असतात. ज्या पदवीसाठी घरातले काही लाख रुपये आणि मुलीच्या आयुष्याची दोन वर्षे जाणार, तिला वहीत एक पान मिळालेच पाहिजे.

प्रथम आजोबांच्या शंकेचे निरसन करू, कारण ती शंका दूर झाल्याखेरीज पुढचा हिशेब पटणार नाही. समाजसेवा आणि समाजकार्य हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. शिक्षणक्षेत्रात ते वेगळे आहेत. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या वस्तीत काम करताना त्यांना जाणवले होते, की सद्भावना असलेली माणसे पुष्कळ आहेत, पण अडचणीत सापडलेल्या कुटुंबाशी पद्धतशीर कसे बोलावे, कोठून काय मिळवून द्यावे आणि आपण केव्हा बाजूला व्हावे, हे शिकलेली माणसे नाहीत. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली. नागपूर, अहिल्यानगर, कोल्हापूर येथेही हे शिक्षण मिळते. आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी, की सोलापूरच्या वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयातही समाजकार्याचा विभाग आहे आणि ते महाविद्यालय श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेचे आहे. म्हणजे ही विद्या आपल्या घरापासून फार लांबची नाही.

ती विद्या कोणती, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, धर्मादाय रुग्णालयात एक हमाल हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला आहे. आपला एखादा दानशूर गृहस्थ कनवाळूपणे दहा हजारांचा धनादेश देईल आणि समाधानाने घरी जाईल. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती प्रथम शिधापत्रिका पाहील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का ते तपासील. न बसल्यास रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून किती मिळेल ते पाहील. उरलेल्या रकमेसाठी दोन ट्रस्टांना अर्ज करील. त्याच वेळी तिच्या लक्षात येईल, की वडिलांजवळ बसायचे म्हणून मोठ्या मुलाने शाळा सोडली आहे, आणि रुग्ण बरा झाला तरी यापुढे ओझे उचलू शकणार नाही. पहिल्या मदतीला मन लागते. दुसरीला मन लागतेच, शिवाय कायदा, मानसशास्त्र आणि पाठपुरावा लागतो. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशी जी विषयांची नावे अभ्यासक्रमात दिसतात, त्यांचा अर्थ हा आहे. बहुतेक महाविद्यालयांत आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर, वस्तीत किंवा रुग्णालयात, क्षेत्रकार्यात जातात.

आता खर्चाची बाजू.

महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित, यावर फीचा आकडा मुख्यत्वे ठरतो आणि फरक मोठा असतो. म्हणून येथे कोणत्याही संस्थेचा आकडा न देता एक कल्पित हिशेब मांडतो. वाचकांनी त्यात आपापले आकडे घालावेत. समजा, दोन वर्षांची फी ८०,००० रुपये. मुलगी परगावी राहणार, तर वसतिगृह आणि भोजन दरमहा ८,००० प्रमाणे वीस महिन्यांचे १,६०,००० रुपये. क्षेत्रकार्याचा प्रवास, पुस्तके, संगणक मिळून ६०,००० रुपये. एकूण तीन लाख. बहुतेक पालक येथे रेघ मारून बेरीज करतात.

परंतु खरा मोठा खर्च रेघेच्या खाली राहिलेला असतो. हीच मुलगी बी.कॉम. झाल्यावर कोठे १८,००० रुपयांवर नोकरीस लागली असती, तर दोन वर्षांत तिने ४,३२,००० रुपये मिळवले असते. ते आता मिळणार नाहीत. म्हणजे पदवीची खरी किंमत तीन लाख नसून ७,३२,००० रुपये झाली. आपल्याकडे हा आकडा दिसत नाही, याला एक घरगुती कारण आहे. दुकानात बसलेल्या मुलामुलींचा पगार कोणी वहीत लिहीत नाही. तो गल्ल्यातच विरघळतो. त्यामुळे मूल घरी बसले काय आणि शिकायला गेले काय, घराला फरक पडत नाही असा भास होतो.

मिळकतीकडे वळू. ही पदवी घेतलेल्यास काय मिळते, या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि गफलत होते ती येथेच. एका पदवीच्या पोटात चार-पाच निरनिराळे बाजार आहेत.

पहिला बाजार कारखान्यांचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक करण्यात आले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा २५० कामगारांवर आणली आहे. कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी समाजकार्याची पदवी पूर्वीपासून चालत आली. तेथून मनुष्यबळ विभागात बढतीचा मार्गही आहे. वेतन कारखान्याच्या ऐपतीप्रमाणे आणि बहुधा समाधानकारक.

दुसरा बाजार रुग्णालयांचा. शासकीय रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' असे पद असते. त्याला नियमित वेतनश्रेणी, महागाई भत्ता आणि बढती मिळते. जागा थोड्या आणि परीक्षा चुरशीची असते. खासगी रुग्णालयांत अवयव प्रत्यारोपणाचा समन्वयक नेमणे कायद्याने आवश्यक झाल्यापासून या पदवीधरांना एक नवे दार उघडले आहे. मनोरुग्णसेवेतही प्रशिक्षित माणसांची गरज आहे. तथापि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मनोविकार समाजकार्यकर्त्याची जी व्याख्या आहे तिच्यात एम.एस.डब्ल्यू. नंतर आणखी दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण अपेक्षिले आहे. म्हणजे वरच्या हिशेबात आणखी दोन वर्षांचा खर्च मिळवावा लागेल. त्या शिक्षणाचे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षी नव्याने चौकशी करावी.

तिसरा बाजार कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. आता मोठ्या प्रकल्पांचा परिणाम मोजून अहवाल देण्याचीही सक्ती आहे. पैसा आला, की तो कोठे लावावा आणि त्याचे काय झाले हे सांगणारा माणूस लागतोच. या बाजारात भाव चांगला आहे, पण तो इंग्रजी अहवाल लिहिता येणाऱ्याला आणि आकडेमोडीची भीती नसणाऱ्याला मिळतो. आकडेमोडीच्या बाबतीत तरी आपली मुले मागे पडू नयेत.

चौथा बाजार शासनाच्या योजनांचा आणि स्वयंसेवी संस्थांचा. पदवीधरांपैकी पुष्कळजण नोकरीची सुरुवात येथे करतात, आणि वडिलांनी सर्वांत काळजीपूर्वक पाहावे ते येथेच. बालसंरक्षणाच्या मिशन वात्सल्य योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला दरमहा ४४,०२३ रुपये दिले आहेत. त्याच कार्यालयातील समाजकार्यकर्त्याला आणि समुपदेशकाला १८,५३६ रुपये. नेमणुका कंत्राटी. हे काम किरकोळ नाही. सोडून दिलेले अर्भक, घरातून पळालेली मुलगी, हिंसाचारातून सोडवलेला बालकामगार यांच्या घरी जाऊन, चौकशी करून बालकल्याण समितीपुढे अहवाल ठेवायचा असतो, आणि त्या अहवालावर मुलाचे पुढचे आयुष्य ठरते. त्याचा मोबदला साडेअठरा हजार.

हे आकडे आता मघाच्या हिशेबात घालू. दोन वर्षांनंतर न शिकलेल्या मैत्रिणीचा पगार २०,००० झाला असे धरा. आपल्या मुलीला ३२,००० ची नोकरी मिळाली, तर दरमहा १२,००० चा फरक पडतो, वर्षाला १,४४,०००, पदवीची किंमत पाच वर्षांत भरून निघते. पंचवीस हजार मिळाले, तर फरक ५,००० चा आणि भरपाईस बारा वर्षे. आणि १८,५३६ मिळाले तर भरपाई होतच नाही, उलट दरमहा तूट. व्याज आणि वेतनवाढ मी सोयीसाठी सोडून दिली आहे. ती धरली तरी चित्राचा तोंडवळा बदलत नाही. एकच पदवी, एकच महाविद्यालय, कदाचित एकाच बाकावरच्या तिघी, आणि निकाल इतका वेगळा. म्हणून 'एम.एस.डब्ल्यू.ला किती मिळतात' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणती विशेष शाखा, आणि त्या शाखेचे मागील तीन वर्षांतले विद्यार्थी आज कोठे आहेत' हा प्रश्न विचारावा. संस्थेच्या सरासरी वेतनाच्या आकड्यावर मुळीच विसंबू नये. टाटा संस्थेसारख्या ठिकाणी मनुष्यबळ व्यवस्थापनाचे विद्यार्थी कंपन्यांत जे वेतन घेतात ते समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. दोघांची सरासरी काढली तर ती कोणाच्याच उपयोगाची नाही. तूर आणि मोहरी एकत्र करून भाव काढण्यासारखे ते होईल.

किंमत खाली आणण्याचे मार्ग मात्र आपल्या हाती आहेत. मुलगी घरी राहून शिकली तर वरच्या उदाहरणात १,६०,००० वाचतात, आणि ३२,००० च्या नोकरीत भरपाई चार वर्षांतच होते. जवळचे अनुदानित महाविद्यालय सोडून केवळ मोठ्या शहराच्या ओढीने विनाअनुदानित ठिकाणी जाणे या पदवीत परवडत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एम.एस.डब्ल्यू. नोकरी करता करता करता येतो आणि त्यात बुडणारी मिळकत जवळजवळ शून्य. परंतु त्यात शिस्त स्वतःची लागते आणि क्षेत्रकार्य मनापासून करून घेणारा मार्गदर्शक भेटेलच असे नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी पूर्ण करणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात संपवण्याची सोय आहे. एक वर्ष वाचले म्हणजे आपल्या उदाहरणात दोन लाखांहून अधिक रुपये वाचले. संस्थेगणिक ही सोय वेगळी आहे, तेव्हा विचारून घ्यावे. आणि 'कमवा आणि शिका' ही योजना आपल्या कुळातलीच आहे हे विसरू नये. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या, किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत हिंडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हा विचार महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडला. विद्यापीठांतून ती योजना आजही चालू आहे. तिचा अर्ज भरण्यात कमीपणा मानणारे घर मला तरी समजत नाही.

कर्जाबाबत दोन शब्द अधिक स्पष्टपणे लिहितो. तीन लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ६,३७५ रुपये. साडेअठरा हजारांत तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. ओढाताण होईल, पण निभेल. आठ लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता सुमारे १७,००० रुपये. म्हणजे मुलगी महिनाभर वस्त्यांतून हिंडून जे मिळवील ते बँकेला देऊन तिच्या हाती दीड हजार उरतील. अभियांत्रिकीला किंवा व्यवस्थापनाला चालणारे कर्ज या पदवीला चालत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षीच्या अपेक्षित वार्षिक पगाराहून अधिक कर्ज या शिक्षणासाठी कोणी घेऊ नये, आणि तो पगार धरताना बाजारातला खालचा आकडा धरावा. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाल्यापासून राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचे सवलतीच्या व्याजाचे शैक्षणिक कर्ज मर्यादित उत्पन्नाच्या जैन कुटुंबांनाही खुले आहे. आपल्यातील अनेक लहान दुकानदार त्यास पात्र असतात, आणि 'आपण कशाला असले घ्यायचे' म्हणून सावकारी दराने पैसे उचलतात.

या पदवीचा भाव इतका वरखाली का, याचे मूळ कारण सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. सी.ए.ला १९४९ पासून त्याची संस्था आहे. तिच्या सनदेशिवाय ताळेबंदावर सही करता येत नाही. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्याही परिषदा आहेत. समाजकार्याला आपल्या देशात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. अमेरिकेत राज्याचा परवाना असल्याखेरीज रुग्णाला स्वतंत्रपणे उपचारात्मक समुपदेशन करता येत नाही. आपल्याकडे कोणीही गळ्यात उपरणे घालून समाजसेवक होऊ शकतो. ज्या मालाला शिक्का नाही त्याला बाजारात पडेल त्या भावाने जावे लागते. पदवीधर मुलीने पंचवीस हजार मागितले, की संस्थाचालक म्हणतात, 'इथे तर लोक फुकट काम करायला तयार आहेत.'

आणि हे वाक्य म्हणणाऱ्यांत आपल्या समाजाचे विश्वस्त थोडे नाहीत.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चतुर्विध दानाची शिकवण आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. तिच्यातूनच गावोगाव रुग्णालये, वसतिगृहे, अन्नछत्रे, पांजरपोळ उभी राहिली. या संस्थांच्या वेतनपत्रकावर एकदा नजर टाकावी. मुनीमजींना पगार आहे, आणि असायलाच हवा. वीजतंत्री, वाहनचालक, पहारेकरी यांना पगार आहे. रुग्णाशी बोलणाऱ्या, वसतिगृहातल्या रडणाऱ्या मुलाला समजून घेणाऱ्या व्यक्तीपुढे मात्र 'मानधन' असा शब्द आणि त्यापुढे एक संकोचलेला आकडा असतो. काही ठिकाणी ती व्यक्तीच नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या खाटांवर खरोखर गरजू माणूस येतो की ओळखीचा, हे अखेर त्या समाजकार्यकर्त्याच्या टेबलावर ठरते. लाखोंचा निधी ज्याच्या शिफारशीने खर्च होतो, त्याला लेखनिकापेक्षा कमी देणे ही काटकसर म्हणता येणार नाही.

किल्लारीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या अभिमानाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. उत्साहाने, पैशाने, वाहनांनी मुले आणता येतात, आणि ते मोठेच काम होते. परंतु आई-वडील ढिगाऱ्याखाली गमावलेल्या मुलाला दहा वर्षे सांभाळायचे, तर कोणते मूल रात्री का दचकून उठते आणि कोणते मुद्दाम नापास होते हे ओळखणारी माणसे पूर्णवेळ लागतात. पूर्णवेळ माणसाला घरभाडे असते, मुलांची फी असते, म्हातारे आई-वडील असतात. तो आपल्याच घरातला असला, तर आपण त्याला फुकट राब असे म्हणणार आहोत काय?

आता आईच्या मनातल्या बायोडाटाकडे येतो. आपल्याकडे ही पदवी मुलींना त्यातल्या त्यात लवकर मिळू दिली जाते, आणि त्यामागचा विचार उघड आहे : 'तिला कुठे घर चालवायचे आहे?' वरवर उदार वाटणारा हा विचार दोन ठिकाणी तोट्याचा आहे. एक, मुलगी स्वतःच कमी पगार मागते, आणि तिच्यासारख्या सगळ्यांचा भाव पडतो. ज्यांना खरोखर घर चालवायचे आहे अशा गरीब घरच्या पदवीधरांच्या पोटावर त्यामुळे पाय येतो. दुसरे, प्रसंग सांगून येत नाहीत. वैधव्य, व्यवसायातील बुडीत, घटस्फोट हे आपल्या घरांना वर्ज्य नाहीत; तेव्हा तीच पदवी तिचे भांडवल ठरते, आणि मधली दहा वर्षे तिने 'मानधना'वर काढली असतील तर ते भांडवल गंजलेले असते. मुलाने ही वाट धरली तर घरात उलट टोकाची भाषा सुरू होते, जणू पेढीला कुलूपच लागले. ज्या घरात दोन मुलगे आहेत आणि दुकान एकच आहे, तेथे दुसऱ्याने कारखान्यात कल्याण अधिकारी होणे हा व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पुढच्या पिढीत वाटण्यांचा एक तंटा तरी कमी होईल.

वधू-वर मेळाव्यात मात्र 'एम.एस.डब्ल्यू. म्हणजे नेमके काय हो?' हा प्रश्न अजून काही वर्षे ऐकावा लागेल. त्याला तयारी ठेवावी.

माझे मत विचाराल तर असे. जवळचे अनुदानित महाविद्यालय, कमी कर्ज आणि रुग्णालय, कारखाना किंवा कंपन्यांचा सामाजिक विभाग यांकडे नेणारी शाखा, एवढे जुळत असेल तर ही पदवी बी.कॉम. नंतरच्या कित्येक गुळमुळीत अभ्यासक्रमांपेक्षा सरस आहे. मुलीचे मन बालसंरक्षणाकडे किंवा ग्रामीण संस्थांकडे असेल, तर घराने बसून स्वच्छ ठरवावे, की पहिली सात-आठ वर्षे तिच्या पगारात दरमहा आपण अमुक इतकी भर घालणार. ती रक्कम दानाच्या खात्यात लिहावी, तिच्या उपकाराच्या खात्यात नव्हे, आणि ती रक्कम ठरवताना मुलगी समोर असावी. मोठे कर्ज काढून, 'पुढे बघू' म्हणत महागड्या ठिकाणी प्रवेश घेणे हा एकच पर्याय मी कोणत्याही स्थितीत सुचवणार नाही.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. पर्युषण आणि दशलक्षण पर्वात निधीचे आकडे जाहीर होतील तेव्हा त्यातील एक रक्कम इमारतीच्या फरशीऐवजी एका पदवीधराच्या तीन वर्षांच्या पगारासाठी बाजूला काढता येईल. ३०,००० रुपये दरमहा धरले तर तीन वर्षांचे १०,८०,००० होतात. एखाद्या प्रवेशद्वाराच्या संगमरवरी कमानीला याहून अधिक खर्च आलेला आपण पाहिला आहे.

प्रवेशाचे अर्ज भरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. ज्या महाविद्यालयाचा विचार चालू आहे त्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी कोठे जातात ते विचारून, परवानगी घेऊन, त्या जागी एक पूर्ण दिवस काढावा. बालगृह असेल, झोपडवस्तीतले केंद्र असेल, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी एखादे प्रादेशिक मनोरुग्णालय असेल. सकाळी दहाला जाऊन संध्याकाळी पाचला परतावे. मुलीने एकटीने जाऊ नये. दुकान एक दिवस मुनीमजींवर सोपवून वडिलांनीही सोबत जावे.